बाई आली का?

मोहबांधच्या तळ्यावरचा खेळ सकाळी बरोबर सात वाजता सुरू व्हायचा. 'खेळ' हा शब्द वनविभागाला खपत नसे. त्यांच्या पत्रकावर 'सारस युगुलगान दर्शन' असं छापलेलं होतं. पण ज्यासाठी नागपूरहून, पुण्याहून, पार बंगळूरहून माणसं थंडीत कुडकुडत उठायची आणि निरीक्षण मनोऱ्याच्या बेचाळीस पायऱ्या चढायची, त्याला गावात सगळे खेळच म्हणत.

मनोऱ्यावर कुंदा वलथरे उभी असायची. अंगात खाकी जाकीट, गळ्यात दुर्बीण, पायात मात्र घरच्या चपला, कारण बुटांचा आवाज होतो असं तिचं म्हणणं. ती ढिवराची पोर. तिच्या घरातल्या चार पिढ्यांनी याच तळ्यात जाळी टाकली होती, त्यामुळे इथे कोण कधी कुठे सापडेल हे तिला शिकावं लागलं नव्हतं. "त्या खडकावर बघा, पाणमांजरं आहेत. मोठी दोन, पिल्लं तीन. हसू येईल, पण हसू नका, पाण्यात जातील." मग पलीकडच्या काठाला पाण्यावर आलेली चितळं, मधोमध लालसरी बदकांचा थवा, आणि कुणाचं नशीब जोरावर असलं तर सागाच्या कडेला उभा असलेला रानगवा. पाहुणे भराभर फोटो काढत. सातला दोन मिनिटं कमी असली की कुंदा आवाज खाली आणायची.

"आता आपला राजा येईल."

पाणकणसाच्या बेटातून दोन आखूड, खणखणीत हाका उठायच्या. आणि माणसाच्या उंचीचा, राखाडी अंगाचा, लाल मानेचा सारस ढांगा टाकत चिखलातून यायचा आणि चोच आकाशाकडे करून ओरडायचा. पुन्हा तिकडून हाका, पुन्हा हा. पाच मिनिटं तळं दणाणून जायचं.

"याची जोडीदारीण विजेच्या तारेला लागून मेली," कुंदा सांगायची. "बाकी सगळ्या तारा तोवर जमिनीखाली गेल्या होत्या, ती एकच राहिली होती. हा अकरा दिवस तिच्याजवळून हलला नाही. खाणं नाही, पिणं नाही. आता बेटातून ओरडते ना, ते यंत्र आहे. पण याला वाटतं, ती परत आली."

इथे बायकांचे डोळे पाणावायचे आणि पुरुष दुर्बिणीच्या काचा पुसायला घ्यायचे. कुंदाने ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल. शब्द आपोआप यायचे. पण 'अकरा दिवस' म्हणताना तिचा आवाज दर वेळी अडखळायचा, आणि ते काही पाठ केलेलं नव्हतं. सारसाची जोडी फुटली त्याच वर्षी, दोनच महिने आधी, कुंदाचा नवरा भोजराज साप चावून गेला होता.

यंत्राचं नाव 'प्रतिसाद'. पुण्याच्या एका संस्थेने ते बनवलं होतं आणि त्यामागचा विचार साधा होता. पक्षी जागा निवडताना आधी बघतो, इथे आपलं कुणी आहे का. असलं तर उतरतो, थांबतो, घरटं करतो; नसलं तर पुढे निघून जातो. जिल्ह्यात सारस बोटांवर मोजण्याइतके उरले होते. मोहबांधचा हा शेवटचा सारस कंटाळून निघून गेला असता, तर वरून जाणाऱ्या सारसांना हे तळं रिकामं दिसलं असतं आणि पुन्हा इथे कुणी उतरलं नसतं. म्हणून त्याला थांबवून धरायचं, कुणी दुसरा येईपर्यंत.

थांबवायचं कशाने, तर आवाजाने. सारसाची जोडी गाते तेव्हा दोघांच्या वाटण्या ठरलेल्या असतात. मादी दोन आखूड हाका देते, नर त्यांच्यात एक लांब मिसळतो. प्रतिसादने हजारो तासांची अशी ध्वनिमुद्रणं आधीच ऐकली होती. समोरचा पक्षी ओरडला की पापणी लवायच्या आत ते उरलेली वाटणी पुरवायचं. शिवाय ते शिकत होतं. रोज आपल्या आवाजात बारीकसा फेर करून बघायचं: थोडा उंच, थोडा घाईचा, थोडा उशिराचा. ज्या फेरानंतर पक्षी जवळ आला, जास्त वेळ थांबला, जास्त ओरडला, तो फेर ठेवायचं. बाकीचे सोडून द्यायचं.

गावातल्या बायकांनी आठवड्याभरात यंत्राचं बारसं उरकलं. पहिली गेली आणि ही येऊन बसली, म्हणून त्या तिला 'सवत' म्हणू लागल्या. बचत गटाच्या पोह्यांच्या टपरीवर पाहुणे भाबडेपणाने विचारायचे, "ती सवत नेमकी कुठे बसवली आहे हो?" आणि बायका पदराआड हसायच्या.

घरी कुंदाचे वडील, डोमाजी. अठ्ठ्याहत्तरीचे. गुडघ्यांनी आणि कानांनी एकाच वर्षी त्यांची साथ सोडली होती. कानात घालायचं यंत्र कुंदाने आणून दिलं होतं, पण ते डबीतच असायचं. त्यातून नको ते सगळं ऐकू येतं अशी त्यांची तक्रार. दिवसभर ओट्यावर बसून ते जाळं विणायचे, जे आता कुणी पाण्यात टाकत नव्हतं. संध्याकाळी दारात कुंदाची सावली पडली की मान वर न करता विचारायचे, "बाई आली का?"

बाई म्हणजे कुंदा. लहानपणापासून ते तिला लाडाने बाई म्हणत आले होते. "आली बाबा," ती आवाज चढवून म्हणायची, आणि ते समाधानाने मान डोलवायचे. बापलेकीचं बोलणं एवढंच. पण भोजराज गेल्यापासून कुंदाला या एवढ्याशा बोलण्याचा फार आधार होता. आपण घरी पोचलो की नाही याची कुणाला तरी काळजी आहे, हे दिवसातून एकदा कानावर पडलं की तिला रात्रीची भाकरी गोड लागायची.

*

पौषात कुंदाला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. प्रतिसादचा माणूस वरद नेने महिन्यातून एक आठवडा मोहबांधला येऊन राहायचा. तिशीच्या आतला, पुण्याचा, कामाला वाघ आणि चहाचा वेडा. कुंदाने त्याला टपरीवर गाठलं.

"सर, हा पंख काहून नाही उचलत?"

"म्हणजे?"

"जोडी ओरडते तेव्हा नर पाठीवर पंख उचलतो. मी लहानपणी पाहिलंय ना. हा एकदाही नाही उचलत. अन् आजकाल याचं येणंच बदललं. डोकं खाली घालून, तरातरा येतो. गवत उपटून फेकतो."

वरदने टॅब तिच्यापुढे धरला. "हे बघा कुंदाताई. सुरुवातीला तो दिवसाला चाळीस वेळा उत्तर द्यायचा, आता दोनशेच्या वर देतो. आधी नव्वद मीटरवर थांबायचा, आता सहा मीटरपर्यंत येतो. देशातल्या सगळ्या प्रकल्पांत आपला आकडा पहिला आहे. पंखांचं म्हणाल तर दुःखातला पक्षी आहे, थोडं वेगळं वागणारच."

 कुंदाने आकडे वाचले. पण सारस वाळत चालला होता, हे कुठल्याच आकड्यात नव्हतं. दिवसाला दोनशे वेळा ओरडायला धावणारा पक्षी पोटाला खाणार कधी, असं तिच्या मनात येत राहिलं, आणि मनोऱ्यावर गोष्ट सांगताना आताशा तिला सारसाच्या पायांकडे बघवत नव्हतं.

माघाच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी, खेळ ऐन रंगात असताना दुसरा सारस आकाशातून उतरला.

मनोऱ्यावरची माणसं श्वास रोखून बघत राहिली. नवा चांगला उंच होता. त्याने बेटातल्या यंत्राच्या हाका ऐकल्या, मान उंचावली, दोन्ही पंख पाठीवर छत्रीसारखे उभारले आणि एक लांबलचक साद घातली. यंत्राला. यंत्राने लगेच उत्तर दिलं. तो बेटाभोवती घिरट्या घालू लागला. तेवढ्यात आपला सारस डोकं खाली घालून तरातरा आला आणि सरळ बेटावर चालून गेला. नवा बिचकून मागे झाला. मग पुन्हा पुढे. दिवसभर हाच प्रकार.

गावभर बातमी झाली. बुधवारी वनक्षेत्रपाल खोब्रागडे मॅडम येऊन बघून गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"दोन नर एका जागेवर आले आहेत. एकमेकांना रक्तबंबाळ करतील. आपला आधीच अशक्त आहे. नव्याला पकडून शेजारच्या जिल्ह्यात नेऊन सोडायचं. सोमवारी टीम येतेय."

सगळ्यांना पटलं. कुंदालाही पटलं.

*

त्या संध्याकाळी ती दमून घरी आली. ओट्यावर डोमाजी, मांडीवर जाळं.

"बाई आली का?"

"आली बाबा."

एरवी बोलणं इथे संपायचं. आज त्यांनी जाळ्यातून मान वर काढली. "बाईले नवरा भेटला म्हनते. गावात समदे बोलून राहिले."

कुंदाच्या हातातली पिशवी खाली पडली, टमाटे ओट्यावर घरंगळले. "कोन बोलते असं?"

"समदेच. कालचा आला म्हने. उंच आहे चांगला."

कालच तर आपण वरद सरांसोबत टपरीवर अर्धा तास उभ्या होतो, हे कुंदाला आठवलं आणि तिच्या अंगाची लाही झाली. माणूस जाऊन तीन वर्षं झाली नाहीत, आणि लोकांच्या जिभेला हाड नाही. ती वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, माझ्याबद्दल असं कोण बोललं, त्याचं नाव सांगा मले."

"तुह्याबद्दल?" डोमाजी गोंधळले. "तुह्याबद्दल कोन कायले बोलते? मी बाईचं बोलून राहिलो. तळ्यावरच्या. सारसाच्या बाईचं."

कुंदा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"रोज तं इचारतो तुले," ते म्हणाले. "बाई आली का? तू म्हनते, आली. बरं वाटते मंग."

टमाटे गोळा करायचं सोडून कुंदा ओट्यावर बसली. रोज संध्याकाळी, गेली अडीच वर्षं, ते पक्ष्याची खबर विचारत होते आणि ती आपली हजेरी देत होती. दोघांचंही समाधान होत होतं.

"ती बाई आहे, हे तुम्हाले कसं माहीत?"

"घ्या. तीस वर्सं डोंग्यातून पाह्यलं मी त्याहिले. मेला तो बाप्या होता. हिच्याहून हातभर उंच. पंख उचले तं अंगनाएवढे. मी तं तुले तवाच बोललो, बाई एकटी पडली म्हनून. तू रडाले लागली."

कुंदाला तो दिवस लख्ख आठवला. भाद्रपद. मेलेल्या सारसाचा पंचनामा अकराव्या दिवशी उरकून ती घरी आली होती. कुत्र्यांनी पार फाडलेला, कोण नर, कोण मादी कळायला काही उरलं नव्हतं. हातात फॉर्म होता, मागे राहिलेल्या पक्ष्याचा. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले होते, बाई एकटी पडली. भोजराजला जाऊन दोन महिने झाले होते. बाबा आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटून ती उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली होती, आणि मग डोळे पुसून तिने फॉर्म भरला होता. पक्षी: सारस. संख्या: एक. लिंग: नर.

नर काहून लिहिलं आपण? कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. नर आणि मादी दिसायला अगदी सारखे. दोघं शेजारी उभे असले तर उंचीवरून ओळखू येतात, एकटा असला तर नाही. पण वाघाची वाघीण होते, मोराची लांडोर होते, सारसाचं मराठीत असं काही होत नाही. तो सारस. तो उभा आहे, तो खात नाही, तो रडून राहिला, असं सगळं गाव अकरा दिवस बोलत होतं. बोलता बोलता तो नर झाला होता, आणि कुंदाने ते कागदावर उतरवून खाली सही केली होती.

आणि नराला साथ द्यायला म्हणून यंत्राला मादीचा आवाज दिला होता. एका मादीच्या तळ्यात, तिच्या घरात, रोज दोनशे वेळा दुसरी मादी ओरडत होती.

"सवत," कुंदा स्वतःशीच म्हणाली.  मग आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली, अगदी छोटी, पण ती बोलल्याशिवाय राहवेना. "बाबा, मग तुम्ही मले कधीच नव्हते विचारत?"

"तुले काय इचारायचं?" डोमाजींना प्रश्नच कळला नाही. "तू तं येनारच."

कुंदाला वाईट वाटलं. हसूही आलं, पण वाईट जास्त वाटलं.

*

वरदने आधी ऐकून घेतलं नाही. मग ऐकलं. मग तो संगणकापुढे बसला आणि त्याने दोन वर्षांच्या नोंदी उघडल्या. बराच वेळ तो नुसता खाली खाली जात राहिला.

"कुंदाताई, पहिल्याच आठवड्यात नोंद आहे. 'पक्ष्याची हाक आखूड, जोडीने. नराशी जुळत नाही.' यंत्राला कळलं होतं."

"मग बोललं काहून नाही?"

"बोलायला जागाच नव्हती. लिंगाचा रकाना आपण भरलेला, पक्का. म्हणून त्याने स्वतःचीच समजूत घातली." त्याने पुढची ओळ वाचली. "'शक्य कारण: जोडीदार गमावल्यामुळे आवाजात बदल.' आणि ते वाचून मी खाली 'बरोबर' अशी खूण केली आहे."

एक पीस उचलून तपासलं असतं तर नर की मादी ते कळलं असतं. पण फॉर्मवर लिहिलेलं असताना पीस कोण उचलतो?

वरदने दोन आवाज ऐकवले. पहिला यंत्र बसवलं त्या दिवशीचा: दोन आखूड हाका, मोकळ्या, थोड्या हळव्या. दुसरा आजचा. तोही दोन हाकांचा, पण धारदार, एकावर एक, मध्ये उसंत नाही.

"ही तर भांडून राहिली," कुंदा म्हणाली.

"हो. त्याला प्रेम शिकवलंच नव्हतं. जवळ आणा, बोलतं ठेवा, एवढंच सांगितलं होतं. चिडवलं की पक्षी लवकर धावून येतो, हे त्याला सापडलं." वरदने चष्मा काढून ठेवला. "ताई, दोन वर्षं मी हे आकडे दाखवून टाळ्या घेतल्या आहेत."

"अन् मी गोष्ट सांगून."

गुरुवारी सकाळी ती दोघं खोब्रागडे मॅडमपुढे उभी राहिली. मॅडमनी सगळं ऐकलं, फॉर्म मागवला आणि सहीवर बोट ठेवलं.

"ही कोणाची?"

"माझी, मॅडम."

"पिसाच्या तपासणीला आठ दिवस लागतील. टीम सोमवारी येते." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "नवा खरंच नर असेल आणि त्याला आपण इथून नेला, तर जोडी जमायची संधी आपणच घालवली. तू चुकत असशील आणि यंत्र बंद केलं, तर आहे तोही पक्षी जाईल. मग तुझं नाव मार्गदर्शकांच्या यादीत राहणार नाही. माझ्या हातात नसेल ते. कळतंय ना?"

"कळतंय."

"तर मग लेखी दे. यंत्र आज दुपारपासून बंद. सोमवारपर्यंत. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या शिव्या मी खाते."

कुंदाने लिहिलं. चुकीचा रकाना आपण भरला, विचारून भरला नाही, असं सरळ लिहिलं. मग खाली सही केली.

*

शुक्रवारी बेट मुकं होतं. नवा सारस त्याच्याभोवती फिरून साद घालत राहिला. उत्तर आलं नाही. आपली मादी लांब उभी राहून बेटाकडे बघत होती. शत्रू एकाएकी गप्प झाल्याचा तिला भरवसा वाटत नसावा. पाहुण्यांनी पाणमांजरं बघितली आणि तक्रारवहीत लिहिलं.

शनिवारी दोन्ही पक्षी दिसले नाहीत.

कुंदाने मनोऱ्यावरून दुर्बीण फिरवून फिरवून डोळे दुखवून घेतले. बदकं होती, चितळं होती, सारस नव्हते. दुपारी टपरीवर बचत गटाच्या बायका तिच्याशी धड बोलल्या नाहीत. एकीने पोहे कालवता कालवता, तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "चांगली नांदत होती सवत. काढली घराबाहेर." वरद सारखा टॅबवरच्या यंत्राच्या बटणाकडे बघत होता. कुंदालाही वाटून गेलं, लावावं का? चिडून का होईना, ती येईल तर खरी. मोठ्या कष्टाने ती तिथून उठली.

संध्याकाळी दारात तिची सावली पडली.

"बाई आली का?"

इतक्या दिवसांत कुंदाला पहिल्यांदा उत्तर देणं जिवावर आलं. ती वडिलांजवळ बसली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "नाही आली, बाबा."

डोमाजींनी जाळं बाजूला ठेवलं.  मग म्हणाले, "मागच्या अंगाले पाह्यलं का? बांध्याच्या खालतं, उथळ पान्यात. तिथं अंडी घाले ते. बाईमानूस तरास झाला का आपल्या जाग्यावर जाते."

"तिकडे रस्ता नाही."

"डोंगा आहे ना माहा."

डोंगा, म्हणजे त्यांची लाकडी होडी, दोन वर्षं अंगणात पालथा पडला होता. रविवारी उजाडता उजाडता कुंदा आणि वरद त्यातून निघाले. वरदला पोहता येत नव्हतं आणि ते त्याने पाण्याच्या मध्यावर गेल्यावर सांगितलं. कुंदा वल्हवत राहिली.  मादी मेलीच असेल, किंवा नदी ओलांडून गेली असेल, आणि उद्या आपण मनोऱ्याऐवजी घरी असू, हे तिने जवळजवळ मान्य करून टाकलं होतं.

मागच्या अंगाला धानाच्या बांध्या तळ्याला येऊन भिडत. कमळाच्या पानांआडून कुंदाने आधी लाल ठिपका पाहिला. मग दुसरा.

दोघं हातभर अंतरावर उभे होते. आपली मादी मान खाली घालून चिखलातले कंद उकरून खात होती, निवांत, घाई नसल्यासारखी. नवा तिच्याशेजारी, तिच्याहून डोकंभर उंच. मग तिने मान वर केली, चोच आकाशाकडे नेली आणि दोन आखूड हाका दिल्या. कुणी चिडवलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. तिने स्वतः सुरुवात केली. त्याने दोन्ही पंख पाठीवर उभारले आणि तिच्या हाकांच्या बरोबर मध्ये एक लांब साद मिसळली. दोन, एक. दोन, एक.

कुंदा वल्हं मांडीवर घेऊन रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. वरद रेकॉर्डर सुरू करायला विसरला, आणि त्याबद्दल परतीच्या वाटेवर त्याने स्वतःला बराच वेळ बोल लावून घेतला.

त्या संध्याकाळी दारात सावली पडायच्या आधीच कुंदाने अंगणातून मोठ्याने सांगितलं. "बाबा, बाई आली. अन् एकटी नाही आली."

डोमाजींनी डोळे मिटून मान डोलवली. मग हात जोडले, कुणाला ते सांगितलं नाही.

*

टीम आलीच नाही. आठ दिवसांनी पिसाचा अहवाल आला: मादी. मॅडमनी कुंदाच्या नावे एक लेखी ताकीद काढली आणि नाव यादीत ठेवलं. वरद यंत्र उपटून पुण्याला घेऊन गेला. आता पहिला रकाना माणसाने नाही, यंत्राने ऐकून भरायचा आणि खूण करण्याआधी माणसाने तळ्यावर जाऊन बघायचं, असं काहीतरी तो बदलणार होता. मोहबांधचा सात वाजताचा खेळ संपला. पाहुणे कमी झाले, बायका कुरकुरल्या. जे आले त्यांना मनोऱ्यावरून फार लांब दोन राखाडी ठिपके दिसायचे, कधी दिसायचे नाहीत, आणि कुंदाने सांगायची गोष्टही बदलली होती. त्यात आता तिची चूकही असायची.

आषाढातल्या एका संध्याकाळी ती घरी आली. जाळं विणून पूर्ण झालं होतं आणि घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. डोमाजी हात मोकळे ठेवून बसले होते.

"बाई आली का?"

"आहे ना बाबा, मागच्या अंगालेच," कुंदा चपला काढता काढता म्हणाली. "दोघं काड्या गोळा करून राहिले, वरद सरांचा फोन होता, ते म्हणाले की..."

"तिचं नाही इचारत," डोमाजी म्हणाले. "तिचं झालं आता. तुले इचारून राहिलो."

कुंदाने वर पाहिलं. डबी उघडी होती, आणि यंत्र त्यांच्या कानात होतं.

"आली, बाबा," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, तरी त्यांना ऐकू गेलं.